जुना कमर्शियल व्होटर आणि आमचा रिपीटर: वर्षभर वापरल्यावर

गेल्या आठवड्यात व्होटरचा (अनेक रिसीव्हरमधून सगळ्यात स्वच्छ आवाज निवडणारा डबा) पॉवर सप्लाय बंद पडला आणि आमच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, क्लबचा दोन मीटर बँडचा रिपीटर (आलेला सिग्नल जोरात परत पाठवणारं केंद्र) परत एकाच रिसीव्हरवर आला. लगेच तक्रारी सुरू, "रिपीटर बहिरा झाला का?" अहो, आधी होता तसाच झालाय, तुम्हालाच चार रिसीव्हरची सवय लागलीय. म्हटलं आता लिहूनच टाकू.

आम्ही इकडे ओहायोत. हा डबा क्लबने झेनियाला हॅमव्हेन्शन या हॅम लोकांच्या मेळाव्याच्या फ्ली मार्केटमधून (जुन्या मालाच्या बाजारातून) उचलला, शेवटच्या दिवशी, विकणारा परत गाडीत भरायला कंटाळला होता म्हणून जवळपास भंगाराच्या भावात. प्रत्येक रिसीव्हरला एक कार्ड, मागे ६०० ओमच्या लाइनचे स्क्रू, पोलीस-फायरवाल्यांच्या जमान्यातला माल, जेव्हा प्रत्येक साइटवरून टेलिफोन कंपनीची तांब्याची लीज लाइन यायची. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर खाली भांडणं सुरू होतात.

गरज काय होती ते हॅम लोकांना सांगायला नको. टॉवरवरून रिपीटर दणदणीत ऐकू येतो, पण पाच वॉटच्या हॅन्डीवरून (हातातल्या रेडिओवरून) त्याला गाठता येत नाही. पुण्याचा मित्र म्हणतो, तुमच्याकडे रिपीटर ठेवायला सिंहगडासारखा उंच डोंगर नाही ना, म्हणून हे उद्योग. बरोबरच आहे, इथे सगळं सपाट. म्हणून गावोगावी रिसीव्हर, तिथून ४२० मेगाहर्ट्झच्या वरची लिंक, आणि व्होटर ठरवणार कुणाचा आवाज पुढे पाठवायचा.

आता मुख्य दुखणं. याच्यावर मी इतका वेळ घातलाय की बायकोलाही डी-एम्फसिस (रिसीव्हरने वरची ट्रेबल कमी करणं) म्हणजे काय ते कळलंय. व्होटरला सिग्नलची ताकद वगैरे काही कळत नाही. त्याला लाइनवरून फक्त ऑडिओ मिळतो, त्यात खरखर किती एवढंच तो बघतो. आणि एफएममध्ये खरखर वरच्या फ्रिक्वेन्सीत जास्त असते. म्हणजे एखाद्या लिंकने वरची ट्रेबल खाल्ली की खरखरही गेली, आणि व्होटरच्या मते तोच रिसीव्हर पहिला! गप्प बसलेल्या पोराला हुशार समजणाऱ्या मास्तरासारखं. आमची उत्तरेची साइट तोंडावर उशी धरल्यासारखी ऐकू यायची, आणि व्होटर कायम तीच निवडायचा, माणूस दुसऱ्या साइटच्या अगदी खाली उभा असला तरी. कार्ड बदललं, सेन्सिटिव्हिटीचं पॉट (फिरवून जुळवायचा कंट्रोल) फिरवलं, काही फरक नाही. शेवटी क्लबातले एक आजोबा आले, आयुष्य पोलीस रेडिओच्या दुरुस्तीत गेलेलं, त्यांनी व्होटरला हातच लावला नाही. म्हणाले, चारही रिसीव्हरना सर्व्हिस मॉनिटरवरून (रेडिओ तपासायच्या यंत्रावरून) ३ किलोहर्ट्झ डेव्हिएशनचा १००० हर्ट्झचा टोन द्या, कार्डावर लेव्हल सारखी करा, मग तेच ४०० आणि २५०० ला बघा. उत्तरेची साइट २५०० ला सपशेल आडवी. त्या लिंक रिसीव्हरचा ऑडिओ स्पीकरच्या बाजूने घेतला होता, म्हणजे एकदा जास्तीचं डी-एम्फसिस. डिस्क्रिमिनेटरवरून, म्हणजे डी-एम्फसिसच्या आधीच्या जागेवरून, घेतला आणि दुखणं खलास.

तोपर्यंत माझा रिव्ह्यू एका ओळीचा होता: घेऊ नका. त्यानंतर मत पार बदललं. गाडीत हॅन्डी घेऊन फिरणारा माणूस एका साइटवरून दुसरीवर जातो आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही, वादळाच्या नेटला (ठरवून एकाच चॅनेलवर जमायच्या बोलण्याला) तर फारच उपयोग झाला.

स्टेटस टोनचंही सांगतो. रिसीव्हर शांत असताना लाइनवर २१७५ हर्ट्झचा टोन हवा, टोन थांबला की कार्ड समजतं सिग्नल आला. आमच्या लिंका फक्त सिग्नल आल्यावरच ट्रान्समिट करतात, म्हणून टोन इकडच्या टोकाला, लिंक रिसीव्हरच्या स्क्वेल्चने (सिग्नल नसताना खरखर दाबणारं सर्किट) आवाज बंद केला की छोट्या ऑसिलेटर बोर्डातून देतो. स्वस्त आणि मस्त, पण तोटा असा की लिंक मेली तरी टोन चालूच, व्होटर खुशाल. हिवाळ्यात एका साइटचा अँटेना बर्फाने गेला आणि कुणालाच पत्ता नाही. म्हणून आता दर रविवारी नेटच्या आधी कोणीतरी प्रत्येक साइट जबरदस्तीने निवडून ऐकतो, त्याचं बटण आहेच पुढे.

मधे एकाच्या हट्टापायी एक साइट इंटरनेटवरून जोडली होती. ऑडिओ उशिरा यायचा, व्होटर मधेच तिकडे उडी मारायचा आणि अर्धा शब्द दोनदा ऐकू यायचा. नव्या व्होटरमध्ये जीपीएसचा टाइम लागतो तो उगाच नाही. साध्या रेडिओ लिंकला ही भानगडच नाही.

पॉवर सप्लायचं म्हणाल तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेले, वयच झालंय त्यांचं, किरकोळ खर्चात बदलले. दुरुस्तीच्या दुकानाने मात्र नुसतं उघडून बघायचे जेवढे पैसे सांगितले तेवढ्यात दुसरी रॅक येईल. कार्डांचे पॉट खरखरतात, थोडं फिरवून सोडले की चालतात, कडेचे कॉन्टॅक्ट वर्षातून एकदा पुसावे लागतात.

आता एकच अडतंय, चालू रॅकमध्ये कार्ड बाहेर काढून मोजायला एक्स्टेंडर कार्ड नाहीये. कुणाच्या गॅरेजमध्ये पडून असेल तर सांगा, पोस्टेज मी देतो, पण ते 'रेअर व्हिंटेज' वाले भाव नकोत.