चिनी जंकच्या (पारंपरिक शिडाच्या जहाजाच्या) आरसी, म्हणजे रेडिओने चालणाऱ्या मॉडेलला ड्रम विंच: घ्यावा का?

घ्यावा, पण स्प्रिंग किंवा बारीक इलॅस्टिकसह. ड्रम विंच म्हणजे शिडाची दोरी गुंडाळणारी मोटरची चक्री. जंकच्या शिडाच्या बहुतेक आडव्या पट्ट्यांच्या मागच्या टोकाला वेगळी दोरी असते. त्या सगळ्या एकत्र करून ओढायच्या, म्हणजे दोरी भरपूर लागते. साध्या सर्व्होचा (ठरावीक कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरचा) १० सेंमीचा आर्म ९० अंश फिरला तरी दोरी जेमतेम १४ सेंमी सरकते. ३८ मिमी व्यासाचा ड्रम सहा फेऱ्यांत सुमारे ७२ सेंमी ओढतो. ताकदीची चिंता नको. शिडाचा काही भाग डोलकाठीच्या पुढे असल्याने वाऱ्याचा दाब बराच तोलला जातो.

खरी डोकेदुखी मंद वाऱ्यात. शीड दोरी ताणत नाही, ती ढिली पडून ड्रमवरून उतरते आणि शाफ्टभोवती गुंडाळते. म्हणून डेकखाली पुली लावून दोरीचं बंद वेटोळं करा, इलॅस्टिक त्यातच बसवा. मागच्या उंच डेकच्या कोपऱ्यांतही दोऱ्या हमखास अडकतात. कोपरे घासून गोल करा. पुढचं शीड लहान असेल तर त्याला कमी व्यासाचा ड्रम हवा, नाहीतर दोन्ही शिडं सारखी उघडणार नाहीत. विंच अडकला की करंट एकदम वाढतो, तेव्हा रिसीव्हरला वेगळा बीईसी (स्थिर व्होल्टेज देणारं छोटं सर्किट) द्या.

सपाट तळाच्या या बोटीला तळाखाली वजनदार, काढता येणारा फिन (बोट उलटू न देणारं पातं) लागतोच. तो किटमध्ये सहसा मिळत नाही.