कवेलूच्या घरात माळ्यावर रॉकवूल: उन्हाळा, पावसाळा आणि आता थंडी

नागपूरच्या महालातलं आमचं घर आजोबांच्या काळचं. विटा-चुन्याच्या जाड भिंती, सागाच्या फळ्यांची पाटई, तिच्यावर माळा आणि वर इंग्रजी कवेलू. मे महिन्यात दुपारी पलंगावर आडवं झालं की पाटईची धग थेट तोंडावर यायची. २३ मे २०१३ ला या शहरानं ४७.९ अंश पाहिलेत, आणि ४४-४५ तर दरवर्षीचेच. म्हणून होळीआधी माळ्यावर उष्णतारोधक थर टाकून घेतला. आता डिसेंबर लागलाय, तिन्ही ऋतू बघून झाले.

निवडीत सगळ्यात जास्त वेळ गेला. थर्माकोल, ग्लासवूल आणि रॉकवूल उष्णता अडवण्यात जवळपास सारखेच, उष्णतावाहकता साधारण ०.०३५ ते ०.०४ वॅट प्रति मीटर-केल्विन (आकडा जितका कमी तितकं बरं). पफ, म्हणजे पॉलियुरेथेन फोम, त्यांच्यापेक्षा सरस. पण जुन्या घरात निर्णय या आकड्यावर होत नाही. माळ्यावरून आमची जुनी वायरिंग जाते. तिथे आग पकडणारं थर्माकोल मला नको होतं. रॉकवूल म्हणजे वितळवलेल्या दगडाचे धागे, ते जळत नाही. पफचा फवारा कवेलूंना आतून चिकटून बसतो. मग दरवर्षी मिरगाआधी कवेलू फेरायचे कसे? आमच्या मिस्त्रीनं एका वाक्यात निकाल लावला: “भाऊ, कवेलूले खालून काही चिपकवू नका, पानी कुठून येते तेच समजनार नाई.”

माझं ठाम मत असं की कवेलूच्या घरात कोणता माल घेता यापेक्षा तो कुठे टाकता हे महत्त्वाचं. थर पाटईवर, म्हणजे माळ्याच्या जमिनीवर टाका. उताराच्या छपरापेक्षा जागा कमी लागते, कवेलू मोकळे राहतात आणि माळा तापला तरी खोली वाचते. आम्ही ५० मिलिमीटरच्या रॉकवूल स्लॅबचे दोन थर घातले, खालच्या थराचे सांधे वरच्या स्लॅबनं झाकले जातील असे. घनता घनमीटरला ४८ किलोची घेतली. त्यामुळे जुन्या सागवानी तुळयांवर चौरस मीटरला पाच किलोच्या आतच भार येतो. वायर थराखाली दाबली नाही, पाइपातून वर उचलून घेतली, कारण गाडलेली वायर तापते. वर प्लास्टिक अंथरलं नाही, ओल सुकायला वाट हवी.

पश्चिमेकडच्या उताराला फाट्यांच्या खालून चमकदार बबल फॉइलच्या पट्ट्या लावल्या, लाकडी पट्टीवर स्क्रूनं, म्हणजे हव्या तेव्हा काढता येतात. चमकदार बाजू खाली ठेवायची आणि समोर हवेची मोकळी जागा सोडायची. वर तोंड केलं तर धूळ बसते आणि चमक गेली की फॉइलचा उपयोगही जातो. दोन्ही त्रिकोणी भिंतींत जाळ्या बसवल्या, माळ्यावरची गरम हवा निघून जाते.

फरक? माझ्याकडे पृष्ठभागाचं तापमान मोजणारी बंदूक आहे. भर दुपारी पाटई खालून ४४ च्या आसपास दाखवायची, आता ३७-३८. कूलर तोच, खसही तीच, पण आई आता दुपारी त्याच खोलीत निवांत झोपते. मला यापेक्षा मोठं माप नको.

रात्रीचं मात्र नीट समजून घ्या. कवेलू संध्याकाळनंतर लवकर गार होतात, पण थरामुळे खोलीतली उष्णता वर जाऊ शकत नाही, आणि जाड भिंती दिवसभराची धग रात्री सोडत राहतात. अंधार पडला की खिडक्या उघडा, एक्झॉस्ट लावा. बंद खोलीत हा थर रात्री त्रासच देईल.

पावसाळ्यात वानरांनी दोन-चार कवेलू फोडले आणि एक स्लॅब भिजला. ओलं असेपर्यंत रॉकवूल काही कामाचं नसतं. पाटईवर डाग दिसताच तो उचलला, उन्हात वाळवला, परत बसवला. सुटे स्लॅब घेण्याचा हा मोठा फायदा. धागे अंगाला जबर खाजतात, तेव्हा हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्या हव्यातच. माळ्यावर सामान ठेवणाऱ्यांनी तुळयांवर उंच फळ्या टाकून घ्याव्यात. ट्रंकेखाली दबलेल्या थरात हवा उरत नाही, आणि उष्णता अडवते ती हवाच. उंदरांसाठी जाळ्यांना बारीक तार हवी, ती आम्ही नंतर लावली.

थंडीतही गुण दिसतोय. इथे २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर उतरला होता. तसा गारठा यंदा अजून नाही, पण पहाटे पाटईतून उतरणारा गारवा थांबलाय.

मजुरीसकट खर्च दीड टनाच्या चांगल्या एसीइतका आला, आणि याला वीजबिल नाही. घराला वर सिमेंटचा स्लॅब असेल तर हा खटाटोप करू नका, तिथे गच्चीवर पांढरा रंग आधी लावून बघा. पाटई वाळवीनं खाल्लेली असेल तर पैसे आधी सुताराला द्या.