एकाच गाडीतलं काँक्रीट दोन घरांना विकलं

बंगल्याच्या फाटकापासून पोर्चपर्यंत काँक्रीट करून घ्यायचा विचार असेल, तर ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा. आमचे 66 हजार रुपये गेले आणि त्याहून गंभीर गोष्ट नंतर उघडकीला आली. तिचा संबंध शेजारच्या गल्लीतल्या एका घराच्या स्लॅबशी आहे. सगळं क्रमानं सांगते, कारण फसवणूक कुठे कुठे झाली ते क्रमानंच कळतं.

आम्ही सांगलीत विश्रामबागच्या बाजूला राहतो. जमीन काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी. सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा अंगणात शहाबादी फरशी घातली होती, ती आता जागोजागी खचली होती. सासूबाईंचं मांडीचं हाड मोडल्यापासून त्या व्हीलचेअरवर आहेत. दवाखान्यात न्यायचं म्हटलं की दर सांध्याला खुर्चीचं पुढचं चाक अडकायचं आणि त्या दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून बसायच्या. म्हणून फाटक ते पोर्च सलग काँक्रीट करायचं ठरलं. 12 फूट रुंद, 50 फूट लांब, म्हणजे 600 चौरस फूट.

दोन ठेकेदारांनी येऊन मापं घेतली. दोघांचं म्हणणं जवळपास सारखंच: काळी माती दीड फूट काढायची, मुरूम भरून रोलरनं दाबायचा, वर दगडी सोलिंग, मग 8 एमएमच्या सळईची जाळी आणि सहा इंच एम-20 काँक्रीट (एम-20 ही काँक्रीटच्या ताकदीची ग्रेड). दर चौरस फुटाला 190 ते 200. तिसरा माणूस आपणहून आला. पलीकडच्या गल्लीत एका बंगल्याचं काम त्याच्याकडे होतं, आम्ही रोज येता-जाता ते पाहत होतो. त्यानं 130 सांगितले. कामात काहीही कमी करणार नाही म्हणाला. स्वस्त कसं, याचं उत्तरही तयार होतं. "वहिनी, तिकडे स्लॅबला आरएमसीच्या गाड्या येणारच आहेत. माणसं तीच, व्हायब्रेटर तोच. त्याच दिवशी तुमचंही उरकलं की माझा खर्च वाचतो, तो मी तुम्हाला देतो." आरएमसी म्हणजे प्लांटवर तयार होऊन गाडीनं येणारं काँक्रीट. पटण्यासारखं होतं. बिलाचं विचारलं तर म्हणाला, "बिल पाहिजे तर 18 टक्के जीएसटी वर पडेल." सगळा तपशील त्यानं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवला: जाडी, ग्रेड, जाळी, सोलिंग. निम्मे पैसे, 39 हजार, माझ्या मिस्टरांनी त्याला यूपीआयनं दिले.

पहिल्या दिवशी जेसीबी आला आणि फरशी निघाली. जुनी शहाबादी फरशी विकली जाते, तिला भाव येतो. "राडारोडा टाकून देतो" म्हणत चांगल्या अख्ख्या फरश्याही त्यानं टेम्पोत घातल्या. दीड फुटाच्या खोदाईऐवजी अर्धा फूट माती खरवडली, मुरमाची एक खेप पसरली, वर पाणी मारलं. रोलर आलाच नाही. सोलिंगचं विचारलं तर "मुरूम एवढा बसलाय की सोलिंग लागतच नाही" असं उत्तर मिळालं.

आता कडेच्या फळ्यांचं सांगते. काँक्रीट ओतायच्या आधी दोन्ही बाजूंना सहा इंची फळ्या ठोकतात. त्यानं आमच्या समोर टेप लावून दाखवला, बरोबर सहा. मात्र मधला मुरूम त्यानं तीन इंच उंच ठेवला होता. वरून सपाट घोटलं की कडेला सहा इंच दिसतात आणि गाडीचं चाक जिथून जातं तिथे निम्मेच असतात. जाडी तपासायची तर एका फळीपासून समोरच्या फळीपर्यंत दोरी ताणायची आणि मधोमध दोरीपासून मुरमापर्यंत टेप लावायचा. दोन मिनिटांचं काम आहे, काँक्रीटची गाडी यायच्या आधी करायचं.

जाळीचा प्रकार तर ठरवून केलेला होता. सकाळी जाळी अंथरली, बांधली, तिचे फोटो आमच्या दोघांच्या फोनवर आले. मी शाळेत होते, मिस्टर ऑफिसात. संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "अगं, ती जाळी गुंडाळून परत टेम्पोत चढवली त्यांनी, मी खिडकीतून बघितलं." त्याला फोन केला तर म्हणाला, आई घाबरल्यात, ती जास्तीची होती ती नेली. पुढे तपासणीसाठी कोर, म्हणजे काँक्रीटमधून कापून काढलेले गोल नमुने, काढले तेव्हा एकातही सळई नव्हती. आईंनी पाहिलं ते शंभर टक्के खरं होतं. त्यांचं म्हणणं त्यानं ज्या सहजपणे उडवून लावलं, त्याचा राग मला अजून आहे.

गाडी आली ती दुपारी तीन वाजून गेल्यावर. मिस्टर तोवर अर्धी रजा टाकून घरी आले होते. ड्रममधला माल इतका घट्ट झाला होता की च्यूटवरून, म्हणजे माल उतरवायच्या पन्हळीवरून, सरकेना. ठेकेदाराच्या माणसानं आमच्याच अंगणातला नळाचा पाईप ओढला, गाडीच्या शिडीवर चढला आणि ड्रमच्या तोंडात पाणी सोडलं. ड्रायव्हर म्हणाला, "पाणी घातलं की कंपनीची जबाबदारी नाही, चलनावर सही करा." ठेकेदारानं सही केली. मिस्टरांनी त्या चलनाचा फोटो काढला. पुढे सगळं प्रकरण त्या फोटोवर उभं राहिलं.

आरएमसीच्या प्रत्येक गाडीबरोबर चलन येतं. त्यावर ग्रेड, किती घनमीटर माल, प्लांटवर माल भरल्याची वेळ आणि कुणाच्या नावावर गाडी निघाली हे लिहिलेलं असतं. आमच्या गाडीच्या चलनावर एम-20, 6 घनमीटर, वेळ 11:20 होती. आयएस 4926 या मानकाप्रमाणे भरल्यापासून साधारण दोन तासांत माल उतरला पाहिजे. इथे पावणेचार तास होऊन गेले होते. वरून घातलेल्या पाण्यानं माल वाहतो, पसरायला सोपा जातो, पण ताकद घटते आणि सुकताना तडे जास्त जातात. चलनावरचं नाव आमचं नव्हतं. ठेकेदार म्हणाला, "दोन्ही कामं माझीच, ऑर्डर एकाच नावावर असते." त्याच वेळी, गाडीवाल्याला रोख द्यायचे आहेत म्हणून त्यानं आणखी 27 हजार नेले.

त्या 6 घनमीटरचा हिशेब कुणालाही जमेल असा आहे. 600 चौरस फुटांवर सहा इंच, म्हणजे अर्धा फूट, म्हणजे 300 घनफूट. आपल्याकडच्या भाषेत 3 ब्रास. एका घनमीटरात 35.3 घनफूट, म्हणजे लागणार साडेआठ घनमीटर. गाडीत 6 घनमीटरच असताना त्या एका गाडीत हे काम होणं अशक्यच होतं, दोन गाड्या लागल्याच असत्या. अख्खे 6 घनमीटर आमच्याकडे उतरले असते तरी सरासरी जाडी सव्वाचार इंचच भरली असती.

काम झाल्यावर अंगण आरशासारखं दिसत होतं. ओल्या काँक्रीटवर कोरडं सिमेंट भुरभुरून घोटलं की अशी चकाकी येते आणि बघणाऱ्याचं समाधान होतं. काही आठवड्यांत तोच थर पावडर होऊन सुटतो. आमच्याकडे झाडू मारला की राखाडी भुकटी निघायची, व्हीलचेअरची चाकं पांढरी व्हायची. मे महिन्याचं ऊन असूनही पाणी मारू नका, वरून केमिकल मारलंय, असं तो सांगून गेला. कसलं केमिकल, डबा कुठला, काही दाखवलं नाही. आयएस 456 हे काँक्रीटचं मानक साध्या ओपीसी सिमेंटला किमान 7 दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान 10 दिवस ओल सांगतं. वाफे करा, ओली बारदानं टाका, काहीही करा, पण ओल पाहिजेच. खाचा मारायला उद्या कटर घेऊन येतो म्हणाला, तो कटर कधी आला नाही. सहा इंची काँक्रीटला 12 ते 15 फुटांवर, जाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढी खाच लवकर मारावी लागते, म्हणजे तडा त्या खाचेतच जातो. ती नसली की तडा आपली वाट स्वतः काढतो. आमच्याकडे फाटकाच्या कोपऱ्यातून पोर्चच्या खांबापर्यंत तिरका गेला.

पहिल्या मोठ्या पावसात पाणी फाटकाकडे जायच्या ऐवजी पोर्चमध्ये आलं. गवंड्याला बोलावून लेव्हल ट्यूब लावली, तर उतार घराच्या दिशेनं होता. 50 फुटांत निदान सहा इंचांचा उतार बाहेरच्या बाजूला पाहिजे. गणपतीच्या सुमारास सिलिंडरचा टेम्पो आत वळला आणि फाटकापासून थोडं आत चाकाखालचा तुकडा तुटून खाली बसला. तुटलेली कड हाताला तीन इंचांहून कमी लागली आणि खाली सुटा मुरूम.

त्याची उत्तरं बदलत गेली. आधी "केसासारख्या भेगा सगळ्यांकडे पडतात." मग "तुमची माती काळी आहे, त्याला मी काय करू?" मग "एवढी जड गाडी आत घ्यायची नाही." शेवटी एक दिवस घरी येऊन म्हणाला, 25 हजार द्या, वरून दोन इंचांचं टॉपिंग मारतो. हे टॉपिंगचं आमिष अगदी सगळ्यांनी लक्षात ठेवावं. खालचा थर तुटलेला आणि पाया सैल असताना वर दोन इंच ओतले, तर तोच तडा वर उमटतो आणि थर पोकळ वाजू लागतो. आम्ही नकार दिला. त्यानंतर त्यानं फोन उचलणं बंद केलं.

आम्ही एका सिव्हिल इंजिनिअरला नेमून कोर काढून घेतले. मधल्या कोरची जाडी पावणेतीन इंच भरली. प्रयोगशाळेच्या अहवालात सरासरी ताकद चौरस मिलिमीटरला 11 न्यूटनच्या आसपास. आयएस 456 प्रमाणे कोरची सरासरी ठरलेल्या ग्रेडच्या 85 टक्के तरी लागते, म्हणजे एम-20 ला 17. या तपासणीला खर्च आला, पण अहवाल हातात असल्याशिवाय "भेगा सगळ्यांकडे पडतात" या वाक्याला उत्तर देता येत नाही.

इंजिनिअरनं चलनाचा फोटो पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "हे नाव कुणाचं?" आम्ही ते नाव घेऊन पलीकडच्या गल्लीत गेलो. त्या गृहस्थांनी स्लॅबसाठी तीन गाड्यांचे, 18 घनमीटरचे पैसे थेट प्लांटला भरले होते. ठेकेदार त्यांना म्हणाला होता, माल पुरेपूर बसला. तिसऱ्या गाडीतला थोडा माल त्यांच्या स्लॅबवर पडला आणि उरलेला तासन्‌तास ड्रममध्ये फिरून आमच्या अंगणात आला. तेच काँक्रीट त्यानं आम्हाला पुन्हा विकलं. आमचं अंगण तीन इंचांचं झालं याचं दुःख आहेच, पण तो स्लॅब पाच इंचांचा ठरला होता आणि काही ठिकाणी चार इंचही भरला नाही. त्याच्याखाली माणसं झोपणार होती. ते गृहस्थ चलन हातात धरून बराच वेळ पायरीवर बसून राहिले. त्यांच्या बायकोनं त्याच दिवशी खालच्या खोलीतलं सामान हलवलं. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं तपासणी पूर्ण होईपर्यंत टेकू काढायचे नाहीत असं लेखी दिलं आहे.

दोन्ही घरांनी रजिस्टर पोस्टानं नोटिसा पाठवल्या, उत्तर आलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारी दाखल केल्या. ठेकेदाराकडून पैसे देऊन करून घेतलेलं काम ही सेवा आहे, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ती बसते. मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. सुरुवात कुठून करायची ते कळत नसेल तर 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारा. बिल नाही म्हणून गप्प बसू नका. आमच्याकडे व्हॉट्सॲपवरचं त्याचं स्वतःचं कोटेशन, यूपीआयची नोंद, चलनाचा फोटो आणि कोरचा अहवाल एवढं आहे. रोख दिलेल्या 27 हजारांचा कागद मात्र नाही, आणि तीच आमच्या तक्रारीतली कच्ची बाजू आहे असं वकिलांनी सांगितलं. त्यानं मागितले तरी गाडीवाल्याचे पैसे रोखीत देऊ नका, प्लांटच्या खात्यावर भरा आणि गाडी आपल्या नावावर मागवा.

अंगण आम्ही दिवाळीनंतर दुसऱ्याकडून उखडून करून घेतलं, आधीच्या दोघांपैकी एकाकडून, 200 च्या दरानं. गाड्या दोन आल्या, दोन्ही चलनं आमच्या नावावर होती. ठेकेदार मात्र आमच्याच भागात नव्या घरांच्या फाटकांवर जाऊन अजून तेच सांगतोय, शेजारी स्लॅब आहे, तुमचंही त्यातच उरकतो. आमच्या आणि त्या गृहस्थांच्या तक्रारी वेगवेगळ्या चालू आहेत. 11:20 वेळेचं ते चलन दोन्हींना जोडलं आहे.