स्वतः उडवलेल्या विमानाची प्रतिकृती : प्लॅस्टिकचा संच की बाल्सा लाकूड?

ज्या विमानाच्या सुकाणूवर एकेकाळी आपला हात होता, त्याची प्रतिकृती करायची, तर साहित्य विमानाच्या जातीवरून ठरवावे, असे माझे मत आहे.

सेसना १५२ हे अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे विमान असल्यामुळे त्याला प्लॅस्टिक शोभते. मूळ पंखविस्तार सुमारे १०.१६ मीटर, म्हणजे १:४८ प्रमाणात तो जेमतेम २१ सेंटिमीटर भरतो आणि कोथरूडच्या फ्लॅटमधील पुस्तकांच्या कपाटातही सहज मावतो. अडचण एवढीच, की संचातील नोंदणीची अक्षरे बहुधा परदेशी विमानाची असतात; आपल्या विमानाची ‘व्हीटी’ने सुरू होणारी अक्षरे वेगळी छापून घ्यावी लागतात, आणि ती नसली तर ते कोणाचेही सेसना ठरते.

पुष्पकाची गोष्ट निराळी. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे, १९५८ मध्ये प्रथम उडालेले हे दोन आसनी विमान कापडाने मढवलेले होते, त्यामुळे बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाच्या फासळ्यांवर पातळ कागद ताणून डोप (कागद घट्ट करणारे वार्निशासारखे द्रावण) लावला, की तो कागद सुकताना आक्रसून ढोलकीच्या पानासारखा ताठ होतो आणि फासळ्यांच्या पुसट रेषा वर उमटतात, ज्या प्लॅस्टिकवर कोरूनही तशा दिसत नाहीत. मात्र पुण्यातल्या जुलैच्या दमट हवेत माझ्या डाव्या पंखाला पीळ पडला, तो वाफ देऊन, वजनाखाली दोन दिवस दाबून सरळ करावा लागला. वेळही कित्येक पट लागतो. तरीही पुष्पकासाठी मी बाल्साच निवडेन.