नऊ महिन्यांनंतर: साकाईची सुरी, फुटका कप आणि कोंड्याचा डबा

गेल्या नोव्हेंबरात आम्ही दोघं सोळा दिवस जपान फिरून आलो. आल्या आल्या लिहायला बसले असते तर सगळ्यालाच पाच स्टार देऊन मोकळी झाले असते, म्हणून मुद्दाम थांबले. तिथून शिकून आणि विकत घेऊन आलेल्या गोष्टींनी आता ठाण्याच्या स्वयंपाकघरात एक उन्हाळा आणि जवळजवळ अख्खा पावसाळा काढलाय.

आधी क्योतोचा स्वयंपाकवर्ग. सत्तरीच्या एका आजींचं घर, चार शिकाऊ, तीन तास, माणशी 7,000 येन. स्वयंपाकघर एवढंसं, की एकीने वळायचं तर दुसरीने श्वास आत घ्यायचा. सूप, अंड्याची गुंडाळी, तीळ लावलेला पालक, भात. सगळ्याच्या मुळाशी दाशी. कोम्बू हे समुद्री शेवाळ पाण्यात भिजवायचं, मंद आचेवर तापवायचं आणि उकळी यायच्या आत बाहेर काढायचं. मग कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन लाकडासारख्या कडक केलेल्या माशाचे पापुद्रे, घालून गाळायचं. पिळायचं नाही. मी पिळायला गेले तर आजींनी मनगटच धरलं. 1908 साली किकुनाए इकेदांनी याच कोम्बूतून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी असं नाव दिलं. आजींना त्याचं काही पडलेलं नव्हतं. त्यांचं लक्ष पातेल्याच्या कडेला येणाऱ्या बारीक बुडबुड्यांवर.

नऊ महिन्यांनी यातलं काय उरलं? दाशी महिन्यातून एखाद वेळ. कोम्बू एप्रिलमध्येच संपला, इथे मिळतो त्याचा भाव ऐकून मी परत फिरले. शिवाय आमच्याकडे मे महिन्यात टँकरचं पाणी येतं. जड पाण्यात कोम्बूची चव नीट उतरत नाही, दाशी मचूळ लागते. पण तिळाचा पालक दर आठवड्याला होतो. भाजलेले तीळ, सोया सॉस, चिमूटभर साखर, उकडून घट्ट पिळलेला पालक. यांनी पहिल्याच घासाला विचारलं, "तिळाची चटणी भाजीत सांडली का?" आता स्वतःच मागून घेतात.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. "मांस, मासे नको" म्हटल्यावर पुढ्यात आलेली भोपळ्याची भाजीही बहुतेक वेळा माशाच्याच दाशीत शिजलेली असते. त्यांच्या लेखी तो मासा नसतो, पाणी असतं. वर्गाची जागा धरतानाच फक्त कोम्बू आणि वाळलेल्या शिताके अळंब्यांची दाशी मागा. देवळांमधला शोजिन स्वयंपाक तसाच असतो, त्यामुळे त्यांना ते परकं वाटत नाही. मी मालवणकडची, मला कात्सुओबुशीची पिशवी उघडल्यावर थेट आजोळच्या माळ्यावरची सुकट आठवली.

सुरी घेतली ओसाकाजवळच्या साकाईत. तिथे लोहार पातं घडवतो, धार लावणारा वेगळा आणि मूठ बसवणारा तिसराच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर जपानात तंबाखू आली, ती बारीक कापायच्या सुऱ्या इथे होऊ लागल्या आणि पुढे शोगुनशाहीने, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राजवटीने, त्यांवर साकाईचा खास शिक्का दिला. धार लावणाऱ्याच्या कारखान्यात अर्धा तास उभी होते. तो पातं दगडावरून उचलून खिडकीच्या उजेडाकडे धरायचा, पुन्हा दगडावर. बोलला फार नाही. मी नाकिरी घेतली, भाज्या चिरायची चौकोनी पात्याची. 14,000 येन, म्हणजे तेव्हाचे साधारण 8,000 रुपये. पोलाद शिरोगामी, अर्थात 'पांढरा कागद'. कारखान्यातून ते पांढऱ्या कागदात गुंडाळून येतं म्हणून हे नाव. येताना सुरी चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या नाही.

हे पोलाद गंजतं, आणि दुकानदाराने ते आधीच सांगितलं होतं. पण ठाण्याचा जुलै त्याने पाहिलेला नाही. कांदा चिरून फोन घ्यायला गेले, परत येते तो पात्यावर केशरी ठिपके. कैरी आणि लिंबाने ते आधीच काळंनिळं झालेलं. पहिले दोन महिने मी त्याची धास्ती घेतली होती. मग सासूबाई म्हणाल्या, "अगं, आपल्या विळीचं काय वेगळं होतं? चिरून झालं की पुसायची आणि आडवी करून ठेवायची." खरंच की. लोखंडी विळीबरोबर वाढलेल्या बाईला स्टेनलेस स्टीलने बिघडवून ठेवलं होतं. आता पुसते, पावसाळ्यात खोबरेल तेलाचं बोट फिरवते. तक्रार एकच आणि ती माझ्यावरच: फेब्रुवारीत सुकं खोबरं कापायला घेतलं आणि धारेचा टवका उडाला. 1000 नंबरच्या दगडावर तो काढायला दोन रविवार गेले. खोबरं, कैरीची कोय, लाल भोपळ्याची साल यांना विळीच. कोथिंबिरीला मात्र या सुरीसारखं दुसरं काही नाही. देठ चिरडत नाहीत, पाटावर हिरवा डाग पडत नाही.

आता पैसे वाया गेले ती गोष्ट. तोक्योत दीड तासाचा किन्त्सुगीचा वर्ग केला, फुटलेली भांडी सोन्याच्या रेघेने जोडायची कला. तयार फोडलेला कप, दोन नळ्यांतलं मिसळून लावायचं रासायनिक गोंद, वर पितळी पूड. फोटो सुरेख आले. कपात खाण्यापिण्याचं ठेवू नये, हे मी परतल्यावर पत्रकाच्या तळाशी वाचलं. तोवर महिनाभर चहा पिऊन झाला होता आणि रेघ सुटायला लागली होती.

अस्सल काम उरुशी लाखेने, म्हणजे एका झाडाच्या चिकाने, होतं आणि त्याला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. दीड तासात ते होणं शक्यच नाही. कानाझावात एका लाखकाम करणाऱ्याला मी तो कप कौतुकाने दाखवला. तो नम्रपणे हसला, आणि तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्याच्याकडून उरुशीची लहान नळी घेतली, तेव्हा त्याने समजावलं की ही लाख उन्हात वाळवायची नसते, ती दमट हवेत धरते. तिथले कारागीर त्यासाठी ओलसर ठेवलेलं लाकडी कपाट वापरतात. जुलैत माझं अख्खं घरच तसं कपाट असतं! गोंद खरवडून काढला, मैदा आणि उरुशी मळून तुकडे जोडले, कप बुटाच्या खोक्यात ठेवून दिला. दोन आठवड्यांत पक्का.

माझ्या मनगटावर मात्र पुरळ उठलं, खाजून जीव नकोसा झाला. सासूबाईंनी लांबूनच ओळखलं, "बिब्बा उतलाय." मी म्हटलं बिब्बा कुठला, जपानी लाख आहे. नंतर शोधलं तर उरुशीचं झाड बिब्बा, काजू आणि आंबा यांच्याच कुळातलं निघालं. हातमोजे घालून करा, लांब बाह्यांचे कपडे घाला. कपावर सध्या नुसती तांबूस तपकिरी रेघ आहे, सोन्याची पूड अजून कागदाच्या पुडीत.

आणि नुकाझुके. हे क्योतोच्या वर्गाच्या यादीत नव्हतंच. जेवणाबरोबर काकडीचं लोणचं आलं, मी विचारलं, तर आजींनी ओट्याखालून एक डबा ओढला आणि माझा हात धरून कोपरापर्यंत आत घातला. तांदळाचा कोंडा, मीठ आणि पाणी यांचा आंबवलेला चिखल. त्यात भाजी पुरायची, दुसऱ्या दिवशी काढून धुऊन खायची. डबा रोज हाताने तळापासून ढवळायचा. लोणच्याच्या बरणीला ओला हात लागला म्हणून मार खाल्लेली मी, मला हे पटायलाच वेळ लागला.

घरी आल्यावर किलोभर कोंडा हलका भाजला, 130 ग्रॅम मीठ, लिटरभर पाणी, सुक्या मिरच्या. पहिले दोन आठवडे कोबीची पानं आणि गाजराची टोकं नुसती आंबवण्यासाठी पुरून टाकून द्यायची. तिसऱ्या आठवड्यात वास बदलला, ओल्या मोज्यांचा होता तो पिकलेल्या फळासारखा झाला. काकडी उत्तम, मुळा उत्तम, आणि तोंडली तर इतकी छान लागतात की आजींना कळवावंसं वाटतं. पांढरा भात खाऊन जपानी शहरांत बेरीबेरी पसरायचा, त्यावरचा ब1 जीवनसत्त्वाचा ऐवज उमेतारो सुझुकींनी 1910 मध्ये याच कोंड्यातून काढला. हे मी सासूबाईंना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणून तर आम्ही हातसडीचा खात होतो."

मेमध्ये डबा बिघडायला आला. पांढरी साय धरली, आंबट भपकारा. सकाळ-संध्याकाळ ढवळलं, मोहरीची पूड घातली, शेवटी फ्रिजमध्ये ठेवला. जूनमध्ये लग्नासाठी आठ दिवस कोल्हापूरला गेले तेव्हा सासूबाईंनी सांभाळला. आधी म्हणत होत्या चमच्याने ढवळीन. परत आले तर बांगड्या वर सरकवून कोपरापर्यंत आत.

तेव्हा जाणार असाल तर किन्त्सुगीचे दीड तास सोडा, पैसे कुणाच्या तरी घरच्या जेवणावर घाला आणि ओट्याखाली काय आहे ते विचारा.

कोंडा अधूनमधून वाढवावा लागतो. तो मी कर्जतच्या एका भातगिरणीतून आणते. तिथला माणूस पहिल्यांदा म्हणाला, दोन किलोत काय होणार ताई, म्हशीला पोतंभर तरी न्या. मी काही बोलले नाही. आता दर वेळी विचारतो, म्हैस कशी आहे.