मत्स्यपेटीसाठी आरओ संच आणि साठवणीचा ड्रम : लातुरातील अनुभव

लातुरात बोअरच्या जड पाण्यावर निऑन टेट्रा किंवा डिस्कस हे मऊ पाण्यातले मासे पाळायचे म्हटले, की आरओला फारसा पर्याय उरत नाही. येथील एका दुकानातून घेतलेला 75 जीपीडीचा, म्हणजे कागदोपत्री दिवसाला सुमारे 284 लिटर पाणी देणारा संच या कामात चोख ठरला असून, बोअरचा 900 च्या आसपासचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) तो 40 च्या खाली आणतो. मात्र दुकानदाराने पिण्याच्या यंत्रातला टीडीएस कंट्रोलर आपणहून जोडून दिला होता. तो शुद्ध पाण्यात कच्चे पाणी पुन्हा मिसळतो, त्यामुळे मत्स्यपेटीसाठी तो नकोच, हे पटवून देताना दुकानदाराचीच शिकवणी घ्यावी लागली.

साठवणीसाठी मिळालेला झाकणाचा फूड ग्रेड ड्रम उत्तम आहे. (स्वस्त पडतात म्हणून रसायनांची जुनी पिंपे घेण्याच्या फंदात कोणी पडू नये.) ड्रम सावलीत ठेवून आत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडला, की पाणी कुबट होत नाही, पण निव्वळ आरओचे पाणी थेट पेटीत ओतणे घातक, कारण त्यात कार्बोनेट जवळपास नसल्याने पीएच अचानक घसरू शकतो. क्षारांची भुकटी ड्रममध्येच विरघळवून, मीटरने मोजून, पाणी पेटीच्या तापमानाला आल्यावरच वापरावे. गप्पी-मॉलीवाल्यांनी हा खर्च करूच नये. त्यांना जड पाणीच मानवते.

वाया जाणारे पाणी ही खरी उणीव. शुद्ध पाण्याच्या लिटरमागे दोन-तीन लिटर क्षारयुक्त पाणी नळीवाटे निघून जाते, आणि 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहरात ते गटारात सोडणे मनाला पटत नाही. मी ते फरशी पुसायला वापरतो, कुंड्यांना मात्र घालत नाही.