आठव्या मजल्यावर जेवण आणि नाच: लिस्बनमधलं केप व्हर्दे

लिस्बनला येणारी आपली मंडळी कस्टर्डचे टार्ट खातात, फादोची उदास गाणी ऐकतात आणि परत जातात. हरकत नाही. पण मंगळवार किंवा गुरुवार मोकळा असेल तर दुपारचं जेवण मार्केश द पोंबाल चौकाजवळ, दुक द पाल्मेला रस्त्यावरच्या 'असोसिआसाउं काबुव्हेर्दिआना'त करा. खालून काही कळत नाही, सरळ लिफ्टने आठव्या मजल्यावर जायचं. ही केप व्हर्देच्या लोकांची संघटना; केप व्हर्दे म्हणजे पश्चिम आफ्रिकेसमोरची अटलांटिकमधली बेटं, पूर्वीची पोर्तुगीज वसाहत. जेवायला कोणीही जावं. त्या दोन दिवशी जेवताना बँड वाजतो आणि लोक हातातला काटा ठेवून नाचायला उठतात. निघण्याआधी फोन करून टेबल सांगून ठेवा.

मागवायचा तो काशुपा. कांडून साल काढलेला मका आणि घेवड्याच्या जातीची कडधान्यं मंद आचेवर तासन् तास रटरटवायची, त्यात रताळं, कसावा, कोबी, डुकराचं मांस, सॉसेज. सगळी मेख मक्यात आहे. दाणा फुगून फुटलेला हवा, पण आत जरासा चिवट राहिला पाहिजे, आणि रस्सा त्याच्याच पिठाने दाटला पाहिजे. इथे तो तसा मिळतो. तिखटाचं मात्र नाव नाही. मी रत्नागिरीची, मला पहिले दोन घास फिके लागले; मग चरबी आणि तमालपत्राची चव हळूहळू चढत गेली. तरीही तिखट सॉस मागून घ्याच. उरलेला काशुपा दुसऱ्या दिवशी सकाळी कांद्यावर परतून वर अंडं घालून खातात, आपल्या फोडणीच्या भातासारखा. शाकाहारी लोकांनी इथे गाण्यावर समाधान मानावं.

हे दुष्काळी बेटांचं अन्न आहे. मांस नसेल त्या घरी नुसता मका आणि कडधान्य शिजतं. 1940च्या दशकात तिथे भीषण दुष्काळ पडले, हजारो माणसं मेली, कित्येकजण साओ तोमे या दुसऱ्या पोर्तुगीज बेटाच्या मळ्यांवर कंत्राटी मजूर म्हणून गेले. मोर्ना ऐकताना एवढं माहीत असलेलं बरं. तिथली गायिका सेझारिया एव्होराने जगभर नेलेला हाच तो संथ, विरहाचा गानप्रकार. 2019 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला. पण दुपारभर कोणी उसासे टाकत बसत नाही. लगेच कोलादेरा, म्हणजे जलद ठेक्याचा नाच, सुरू होतो आणि सत्तरीच्या आजीबाई अशा काही कंबर हलवतात की आपल्याला आपल्या वयाची लाज वाटावी. फुनाना हा आणखी एक नाचाचा प्रकार वाजला तर नशीब: अकॉर्डियन, आणि लोखंडी पट्टीवर सुरी खरवडून धरलेला ठेका.

क्लास लावून पोर्तुगीज शिकलेल्यांची इथे जरा फजिती होते. शेजारच्या टेबलावर चाललेलं असतं ते क्रियोलु, पोर्तुगीज आणि आफ्रिकी भाषांच्या मिसळीतून झालेली बेटांची बोली. केप व्हर्दे 1975 साली स्वतंत्र झालं, तिथलं सरकारी काम आजही पोर्तुगीजमध्ये चालतं, पण घरात, भांडणात आणि गाण्यात क्रियोलुच. त्यातही सांतियागो बेटाची वेगळी, उत्तरेकडच्या साओ व्हिसेंतची वेगळी, आणि खरी कुठली यावर वाद घालायला दोन्हीकडचे कायम तयार. वेटरशी पोर्तुगीजमध्ये बोललात तर तो पोर्तुगीजमध्येच उत्तर देतो, काळजी नको.

जेवणानंतर ग्रोग विचारतील. सांतु आंताउं बेटावरची उसाची दारू, चांगलीच कडक. ऑफिसला परत जायचं असेल तर कॉफी घ्या.